दाराशी यायला वेळ लागतो

वाचनालयात त्यांना सगळे बाइंडर काका म्हणत, आणि गंमत अशी की गेल्या बारा वर्षांत त्यांनी एकही पुस्तक बांधलं नव्हतं. खळ, दाभण, दाबायचं यंत्र, सगळं मागच्या खोलीत झाकून ठेवलेलं. काका बसत ते कॉम्प्युटरसमोर. झालं होतं असं, की वाचनालयाने पुस्तकांच्या नोंदींसाठी एक तयार प्रोग्रॅम घेतला, तो सांभाळायला ठेवलेला माणूस चार महिन्यांत दुसरीकडे निघून गेला, आणि ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली तेव्हा मान खाली न घालणारे एकटे काकाच निघाले. "बघतो जमतंय का," म्हणाले. वय एकोणपन्नास. पण जमलं.

जमलं म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. हा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी पानं. पुस्तक शोधायचं पान, वाचकाच्या खात्याचं पान, घरपोच पुस्तकाबरोबर जाणारी चिठ्ठी. प्रत्येक पानामागे एक फाईल असते आणि त्या पानावर काय कुठे दिसावं ते तिच्यात लिहिलेलं असतं. लोक तिला टेम्प्लेट म्हणतात, काका साचा म्हणत. कुणी म्हणालं अक्षर बारीक दिसतं, की काका साचा उघडून अक्षर मोठं करत. कुणी म्हणालं परत करायची तारीख सापडत नाही, की तारीख उचलून वर आणून ठेवत. शिकवलं कुणीच नाही. एक शब्द बदलायचा, पान उघडून बघायचं, मोडलं तर होतं तसं करून ठेवायचं. असे एकतीस बदल त्यांनी केले होते आणि एकूण एक बदल वहीत उतरवला होता.

घोडं अडायचं ते अपडेटला. प्रोग्रॅम बनवणारी मंडळी वर्षातून दोनदा नवी आवृत्ती पाठवत. ती बसवली की सगळ्या फायलींच्या जागी नव्या कोऱ्या फायली येत, आणि काकांची एकतीसच्या एकतीस कामं धुऊन निघत. मग काका वही उघडून पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला बसत. तीन दिवस. त्या तीन दिवसांत त्यांच्याशी बोलायची सोय नसे. घरी बायको म्हणे, "अपडेट आलंय वाटतं. आमटीत मीठ नाही तरी कळत नाहीये."

तीन वर्षांपूर्वी असंच बसून सगळं केलं आणि सव्विसावा बदल राहिला. वहीत तो पानाच्या मागच्या बाजूला होता. काकांनी पान उलटलंच नाही.

सव्विसावा बदल म्हणजे एक ओळ. गणिताच्या बाई म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेल्या एक निवृत्त शिक्षिका तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघे कामातून गेलेले. त्यांचं पुस्तक दर गुरुवारी घरपोच जाई आणि ते घेऊन जाई सायकलवाला. मिशा पांढऱ्या झालेला पन्नाशीचा गृहस्थ, पाय मात्र विशीतल्या पोराचे. प्रोग्रॅम चिठ्ठी छापे ती नाव, पत्ता आणि पुस्तकाचं नाव एवढीच. काकांनी चिठ्ठीच्या साच्यात घुसवून दिलं होतं, की वाचक क्रमांक ११४८ असेल तर खाली एवढं आणखी छाप: 'दाराशी यायला वेळ लागतो. थांबा.'

त्या गुरुवारी सायकलवाला नेमका रजेवर होता. बदलीचा माणूस गेला. चिठ्ठीत ओळ नव्हती, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्याने दोनदा बेल वाजवली, मिनिटभर वाट पाहिली आणि जिना उतरायला लागला. बाई कशाबशा दाराशी पोचल्या, त्याला हाका मारत त्याच्यामागे दोन पायऱ्या उतरल्या आणि पडल्या. मनगट मोडलं.

काकांना कुणी काही बोललं नाही, कारण चूक कुणाची हे कुणाला कळलंच नाही. काकांनी ओळ लगेच परत घातली, चूक फक्त बायकोला सांगितली आणि तेव्हापासून कानाला खडा लावला. अपडेट म्हणून बसवायचं नाही. ग्रंथपाल बाईंनी तीन वर्षांत सहा वेळा विचारलं आणि सहाही वेळा काकांना काहीतरी झालं. एकदा तर पाठ धरली.

पण आता बनवणाऱ्यांचं पत्रच आलं. जुनी आवृत्ती महिनाअखेर बंद. नवी बसवली नाही तर पुस्तकांची नोंद बंद, घरपोच चिठ्ठ्याही बंद. आता पाठ धरून भागणार नव्हतं. काकांचा जीव टांगणीला लागला. अपडेट बसवावं तर ओळ पुन्हा राहून जायची भीती, न बसवावं तर पुस्तकच जायचं नाही. दोन्हीकडून गणिताच्या बाईच अडकलेल्या.

आता खरी मजा अशी, की काकांची सून याच धंद्यातली. दोन गल्ल्या पलीकडच्या ऑफिसात बसून ती लोकांच्या वेबसाइट्स बनवायची. पण सुनेला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं घरात जाहीर करायचं. ती लग्न होऊन घरात आल्यापासून चार वर्षं काकांनी ते टाळलं होतं. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेताना बायकोनेच विषय काढला.

"अगं, यांना एकदा विचार तरी काय झालंय. तीन रात्री कूस बदलतायत. माझी झोप उडवली."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर कपबशी घेऊन आत गेली असती. ती मजेत चहा पीत राहिली. मग काकांनी सगळं सांगितलं, वही दाखवली. पडण्याचं तेवढं सांगितलं नाही.

सुनेने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. "बाबा, हे सगळं तुम्ही मूळ फायलींमध्ये लिहिता?"

"मग कुठे लिहू? भिंतीवर?"

"मूळ फायलीला हातच नाही लावायचा." तिने टेबलावरच्या दोन बशा जवळ ओढल्या. "ही बनवणाऱ्यांची फायलींची जागा. तिच्या शेजारी आपलं एक वेगळं फोल्डर करायचं. जी फाईल बदलायची तिची प्रत आपल्या फोल्डरात ठेवायची, नाव तेच. आणि काय लिहायचं ते त्या प्रतीत लिहायचं. प्रोग्रॅम आधी आपल्या फोल्डरात बघतो. तिथे फाईल असली तर तीच घेतो, नसली तर मूळची घेतो."

"आणि अपडेट?"

"अपडेट त्यांच्या फायली बदलतं. आपल्या फोल्डराकडे ढुंकूनही बघत नाही."

काकांनी एक बशी दुसरीच्या शेजारी सरकवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "ही सोय नवीन आहे?"

सून जरा घुटमळली. "नाही बाबा. पहिल्यापासून आहे. माहितीपुस्तिकेत असते."

अठरा अपडेटं, प्रत्येकाचे तीन दिवस. "चोपन्न दिवस," काका म्हणाले.

"मला विचारा ना," बायको म्हणाली. "एकेक दिवस लक्षात आहे."

सून हसू दाबत म्हणाली, "फक्त एक करा. ज्यात बदल आहे तेवढ्याच फायलींची प्रत घ्या. बाकीच्या असू दे तशाच." पण काका तोवर चपला शोधायला लागले होते. ते वाक्य त्यांच्या कानावर पडलं असेल, डोक्यात काही गेलं नाही. सुट्टीचा दिवस आहे, वाचनालय बंद आहे, ही आठवण त्यांना बायकोने फाटकापाशी करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळ्यात आधी चिठ्ठीची प्रत नव्या फोल्डरात ठेवली. मग मूळ फाईल अगदी कोरी करून टाकली, बनवणाऱ्यांकडून आली होती तशी, आणि श्वास रोखून ११४८ ची चिठ्ठी उघडली. 'दाराशी यायला वेळ लागतो. थांबा.' ओळ जागच्या जागी होती. काका खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन पुन्हा पाहिलं. होती.

एकतीस बदल मिळून चौदा फायलींत होते. चौदाही प्रती दुपारपर्यंत फोल्डरात गेल्या. इथे थांबायला हवं होतं. पण ज्या माणसाने एकदा पानाची मागची बाजू बघायची राहू दिली, त्याला स्वतःचा भरवसा कसा वाटावा? पंधरावी फाईल राहून गेली असेल तर? वहीत न लिहिलेलं काही असेल तर? काकांनी विचार केला, चौदा वाचतात तर सगळ्याच का वाचवू नयेत. कर्मचाऱ्यांच्या नोंदीच्या फॉर्मांना त्यांनी कधी हात लावला नव्हता, ते सोडले. पण वाचकांना दिसणारी सगळी पानं आणि सगळ्या छापायच्या चिठ्ठ्या, एकूण दोनशे बारा फायली, त्यांनी उचलून नव्या फोल्डरात ठेवून दिल्या. मग निर्धास्त मनाने अपडेट बसवलं.

दहा मिनिटं लागली. काही म्हणता काही हललं नाही. ग्रंथपाल बाईंनी एकेक पान उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, खरंच बसवलंत ना? की पुन्हा पाठ?" काकांनी आवृत्तीचा नवा आकडा बोट ठेवून दाखवला. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी मीठ कमी असल्याचं स्वतःहून सांगितलं.

"किती फायली घेतल्यात, बाबा?" सुनेने विचारलं.

"लागतील तेवढ्या," काका म्हणाले, आणि भाताकडे बघू लागले.

दहा-बारा दिवस सुखाचे गेले. मग दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सायकलवाला गणिताच्या बाईंचं पुस्तक परत घेऊन आला. घामाघूम. "काका, दार काही उघडलं नाही. बेल वाजवली आणि थांबलो. चिठ्ठीत थांबा म्हटलंय म्हणून थांबलो. अर्धा तास थांबलो. शेवटी समोरच्या ताई बाहेर आल्या. म्हणाल्या, त्या तर परवाच इथून गेल्या."

"गेल्या म्हणजे?" काका खुर्चीतून उठले.

"घर बदललं हो. जिना झेपेना म्हणून तळमजल्यावर गेल्या, नदीकडच्या रस्त्याला. काका, तुम्ही आधी बसा."

ग्रंथपाल बाई आतून आल्या. "अहो, पण त्यांनी मला फोन केला होता. नवा पत्ता मी सोमवारीच भरलाय." त्यांनी फॉर्म उघडून दाखवला. पत्ता होता. नव्या आवृत्तीत पत्त्याच्या दोन चौकटी आल्या होत्या, नोंदणीचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. ग्रंथपाल बाईंनी नवा पत्ता बरोबर सध्याच्या चौकटीत भरला होता. चिठ्ठीवर मात्र जुनाच छापला जात होता.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या ऑफिसात फोन केला. "जरा येऊन जातेस का," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून ती तशीच उठून आली.

तिने फोल्डर उघडलं आणि आकडा वाचला. दोनशे बारा. मग खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काका समोर उभे, शाळेत उभं करतात तसे. "बाबा, आपली प्रत असली की प्रोग्रॅम तिकडचं बघतच नाही. तुम्ही सगळ्याचीच प्रत ठेवलीत. म्हणजे त्यांनी नवं काय केलंय, काय सुधारलंय, ते सगळं मागे पडून राहिलं. अपडेट झालं, पण ते कुणाला दिसलंच नाही. चिठ्ठीची नवी मूळ फाईल सध्याचा पत्ता छापते. तुमची जुनी प्रत जुना पत्ता छापते."

"म्हणजे मीच," काका म्हणाले. "पुन्हा मीच."

"पुन्हा म्हणजे?"

काकांनी मग पडण्याची गोष्टही सांगितली. तिथेच, सुनेसमोर, ग्रंथपाल बाईंसमोर. तीन वर्षं पोटात ठेवलेलं दोन मिनिटांत सांगून झालं. सायकलवाला जाळीच्या दाराला टेकून ऐकत होता. मग सुनेने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा बाबा. वही काढा. चौदा ठेवू, बाकीच्या काढू."

दोघं बसली. ती फायलींची नावं वाची, काका वहीत बघून 'ठेव' किंवा 'काढ' म्हणत. एकशे अठ्ठ्याण्णव फायली काढल्या. काढता काढता पानं बदलत गेली. शोधाच्या पानावर पुस्तकांची मुखपृष्ठं दिसायला लागली, खात्याच्या पानावर मुदत वाढवायचं बटण आलं. ग्रंथपाल बाई मागे उभ्या राहून 'अगबाई' म्हणत होत्या. उरलेल्या प्रतींमध्ये काकांचे बदल नव्या मूळ फायली समोर ठेवून एकेक करून पुन्हा बसवले. शेवटी राहिली चिठ्ठी.

सुनेने नवी मूळ फाईल उघडली, काकांची प्रत शेजारी ठेवली आणि एकदम थांबली. "बाबा, हे वाचा."

मूळ फाईलमध्ये पत्त्याखाली एक जागा होती: 'पोचवणाऱ्यासाठी सूचना'. ज्या वाचकापुढे सूचना भरली असेल, त्याच्या चिठ्ठीवर ती छापायची.

"ती चौकट मला फॉर्मवर दिसत होती," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "मी रिकामी सोडली. म्हटलं, काकांची ओळ आहेच की."

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. "हे त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीतरी सांगितलं असेल," सून म्हणाली. "आणखीही कुणाकडे दाराशी सावकाश येणारं माणूस असेलच ना."

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि जरासा चुटपुटलाही. आठ वर्षं एका माणसासाठी चोरून घुसवलेली ओळ, तिच्यासाठी आता मुळातच जागा होती, सगळ्यांसाठी.

"म्हणजे ही प्रतही काढायची," सून म्हणाली. "पण ती मी नाही काढणार. तुम्ही काढा."

"काढतो. आधी पुस्तक देऊन येतो," काका म्हणाले. "तिथे काय लिहायचं तेही त्यांना विचारायला हवं. आजवर कधी विचारलंच नाही."

सायकलवाल्याने आपली सायकल दिली. नदीकडच्या रस्त्याला तळमजल्यावरचं घर, दार अर्धवट उघडं. आत खोकी अजून न सोडलेली, आणि खिडकीपाशी गणिताच्या बाई. "या. मला वाटलं आज पुस्तक येत नाही," त्या म्हणाल्या. "सायकलवाले आजारी आहेत का?"

"नाही. माझ्या चुकीमुळे जुन्या घरी गेले. अर्धा तास थांबले तिथे."

"बंद दारापुढे?"

"चिठ्ठीत थांबा लिहिलेलं असतं ना."

बाईंना काही कळेना. तेव्हा काकांनी पहिल्यापासून सांगितलं. ओळ काय होती, ती कशी घातली, कशी राहिली, आणि त्या दिवशी जिन्यात जे झालं ते कशामुळे झालं. "तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं, बाई. तीन वर्षं तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते दर गुरुवारी थांबायचे ते तुमच्या सांगण्यावरून. मला वाटायचं, माणूसच चांगला आहे."

"माणूस चांगलाच आहे. आज अर्धा तास थांबायला मी नव्हतं सांगितलं."

बाई हसल्या. "ओळ राहिली ही तुमची चूक. पण असले गुडघे घेऊन पायऱ्या उतरायचं माझं मी ठरवलं. तेव्हा निम्मी तुमची, निम्मी माझी. माझा वाटाही तुम्हीच वाहत बसलात, तोही न विचारता. तो आता इथे ठेवा आणि हलके होऊन घरी जा."

काकांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले आणि लपवलेही नाहीत. मग नव्या चौकटीचं सांगितलं आणि तिच्यात काय लिहू म्हणून विचारलं. बाईंनी थोडा विचार केला. शिकवणाऱ्या माणसाची सवय, सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितला आणि काकांनी पुस्तकाच्या चिठ्ठीमागे उतरवून घेतला.

वाचनालयात परत आल्यावर काकांनी आधी बाईंच्या शब्दांनी ती चौकट भरली. मग फोल्डर उघडलं आणि चिठ्ठीची आपली प्रत स्वतःच्या हाताने काढून टाकली. ११४८ उघडलं. नवा पत्ता, आणि त्याखाली: 'दार लोटलेलं आहे. आत या. घाई नसेल तर बसा.' काकांनी साच्यात एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की सुनेला म्हणाले, "चल, तुझं सामान तिकडेच राहिलंय ना, आज तुझ्या ऑफिसपर्यंत सोडायला येतो." दोन गल्ल्यांचं अंतर, पण ती नको म्हणाली नाही.

पुढच्या गुरुवारी सायकलवाला नेहमीसारखा चारला निघाला. पाचला यायचा, तो सहा वाजले तरी आला नाही. ग्रंथपाल बाई दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. काकांनी चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली, पत्ता तपासला, सूचना तपासली, सगळं बरोबर. सव्वासहाला सायकलची घंटी वाजली.

"कुठे होतात?" काकांनी उठूनच विचारलं.

"बसलो होतो," सायकलवाला म्हणाला, आणि रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. "चिठ्ठीत लिहिलं होतं, घाई नसेल तर बसा. मला कसली घाई, काका? आठ वर्षं त्यांच्या दाराबाहेर उभाच होतो."

काकांनी गुरुवारच्या फेरीला एक तास वाढवून दिला आणि कॉम्प्युटर बंद केला.